आईच्या लोणच्याचं सॅम्पल

माझ्या आईचं शेवटचं लोणचं मी इंद्रपुरीतल्या एका दुकानाला फुकट दिलं आणि पाच दिवसांनी तेच विकत आणलं.

हे केलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. (कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात एकवीस वर्षं काढलेला माणूस जेवढा शुद्धीवर असू शकतो, तेवढा.)

आई जाऊन दहा महिने झाले होते. तिनं घातलेल्या लिंबाच्या गोड लोणच्याची एक काचेची बरणी तेवढी राहिली होती, तीही अर्धी. माझे बाबा याच कारखान्यातले रिटायर्ड फोरमन, टाउनशिपमधल्या माझ्या क्वार्टरमध्ये आमच्याबरोबर राहायचे. त्यांनी त्या बरणीला रेशन लावलं. फक्त रविवारी, वरणभाताबरोबर, एक फोड. बरणीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर दर रविवारी पेन्सिलीनं पातळीची रेघ. बाकीचे सहा दिवस ते ताटातलं चिवडायचे आणि उठायचे.

माझ्या बायकोनं, वंदनानं, दोनदा तसं लोणचं घालून पाहिलं. दोन्ही वेळा बाबांनी छान झालंय असं सांगून फोड ताटाच्या कडेला सरकवली. आईला कधी प्रमाण विचारलं तर ती म्हणायची, अंदाजानं घालायचं. तो अंदाज ती बरोबर घेऊन गेली.

"अहो, ही बरणी संपली की बाबांचं रविवारचं जेवणही गेलं म्हणून समजा," वंदना एकदा हळूच म्हणाली. त्यानंतर मला त्या बरणीकडे बघवेना.

नेमकी त्याच सुमारास टाउनशिपशेजारच्या इंद्रपुरीत एक डेली उघडली. डेली म्हणजे असं दुकान, जिथे घरी केले तर आपण नावं ठेवू असे पदार्थ काचेमागे दिवे लावून ठेवतात. आत एसी, काउंटरवर टोप्या घातलेले तिघं जण, आणि दारात टोकनचं मशीन. दुकानात माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी टोकन घ्यावं लागलं. नंबर पुकारेपर्यंत मी वीस मिनिटं त्या तिघांसमोर उभा होतो. तिघंही माझ्याकडे बघत होते. डबीभर लोणच्याची किंमत वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. तेवढ्या पैशांत गोणीभर लिंबं आली असती.

पण आईच्या लोणच्याची गोष्ट ऐकून टोपीवाल्यांतला मोठा एक वाक्य असं बोलला, की मी तिथेच विरघळलो. "सर, सैंपल दे जाइए, सेम टू सेम बना देंगे."

सॅम्पल! इन्स्पेक्शनवाल्याला हा शब्द ऐकवला की तो आपली किडनीसुद्धा लेबल लावून देईल. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? एक फोड नेली असती. मी मात्र विचार केला की वरच्या थराची फोड वेगळी, तळाच्या पाकातली वेगळी, एका तुकड्यावरून लॉटचा अंदाज करणं नियमात बसत नाही. सोमवारी बाबा फिरायला गेल्यावर मी अख्खी बरणी उचलली आणि दुकानात देऊन आलो. पोच मागितली. ते म्हणाले, टोकनच पोच समजा.

शनिवारपर्यंत बरणी परत मिळणार होती. शनिवारी मी टोकन घेऊन उभा राहिलो आणि काचेमागे बघितलं, तर छोट्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत आईचं लोणचं बसलेलं! फोडींचे ते वेडेवाकडे कोपरे मी कुठेही ओळखले असते. डब्यांवर लेबल होतं, बनवल्याची तारीख आदल्या दिवशीची आणि तीन महिन्यांत संपवावे अशी सूचना. आईला जाऊन दहा महिने झाले होते आणि तिनं काल लोणचं घातलं होतं.

मी ओरडलो की हे माझं आहे. मोठा टोपीवाला अजिबात गडबडला नाही. "जी सर, सेठजी को बहुत पसंद आया. बाकी सब बिक गया, आपके लिए ये डिब्बे रोककर रखे हैं."

भांडायला हवं होतं, कळतं मला. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि बिलाच्या काउंटरसाठी वेगळं टोकन घ्यावं लागत होतं. मी ते घेतलं. डबे घेतले, धुऊन लख्ख केलेली बरणी घेतली. पट्टी आणि पेन्सिलीच्या सगळ्या रेघा त्यांनी मोफत घासून काढल्या होत्या.

रविवारी मी बाबांच्या ताटाशी डबा ठेवला आणि खोटं बोललो. बरणीतलं वंदनानं वर नीट ठेवलंय, हे नव्या दुकानातलं आहे, चाखून बघा.

बाबांनी फोड तोंडात घातली आणि बराच वेळ चावलीच नाही.

"दुकानातलं?"

"हो."

"रोज मिळतं?"

"रोज," मी म्हणालो.

त्यांनी दुसरी फोड घेतली. मग तिसरी. मग वंदनाकडे भात मागितला. दहा महिन्यांत पहिल्यांदा! सोमवारी पोळीशी खाल्लं, मंगळवारी नुसतंच खाल्लं, बुधवारी शेजारच्या मिश्राजींना वाटीभर दिलं. रोज मिळतं तर हात कशाला आखडायचा? मी समोर बसून आई संपताना बघत होतो आणि बाबा किती छान जेवताहेत म्हणून मान डोलवत होतो. सांगायची हिंमत झाली नाही.

दहाव्या दिवशी डबे रिकामे झाले. बाबांनी मला आणखी आणायला पाठवलं. दुकानात तोच डबा, तेच लेबल, तीच किंमत होती, आत मात्र त्यांनी स्वतः घातलेलं काहीतरी पिवळं.

बाबांनी एक फोड खाल्ली आणि ताटाच्या कडेला ठेवली. हात धुतले. मग फोरमन असताना सांगायचे त्याच आवाजात मला कागद-पेन घ्यायला सांगितलं आणि माझ्याकडे न बघता मजकूर सांगितला.

"लिही. आधीचा माल उत्तम होता. हा तसा नाही. आधीचं ज्या बाईनं केलं होतं, तिला परत बोलवावं."

मी लिहिलं. खाली त्यांनी सही केली.

तो कागद घेऊन मी दुकानात गेलो. टोकन घेतलं, रिकाम्या दुकानात उभा राहिलो. यथावकाश माझा नंबर आला. मोठ्या टोपीवाल्यानं कागद उलटसुलट करून बघितला, कुणाकडून तरी वाचून घेतला आणि आदरानं मान झुकवली.

"सर, पुराना वाला थोड़ा सैंपल दे जाइए. सेम टू सेम बना देंगे."

आणि खोटं कशाला बोलू, माझा हात रिकाम्या पिशवीत गेला होता.