सकाळची धरलेली कंबर

मालवणातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये किस्से आपोआप जमतात. पेशंट टेबलावर पालथा पडला की त्याला माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त लादी दिसते. मग तो त्या लादीला सगळं सांगून टाकतो! आणि लादीबरोबर मीही ऐकते.

मुंबईची नोकरी संपवून गावी आलेले एक काका. लेकाने प्रेमाने फूटभर जाडीची मऊ गादी पाठवलेली. रात्रभर कंबर खड्ड्यात, सकाळी काका काटकोनात! मी म्हटलं, "जरा कडक अंथरुणावर झोपून बघा."

आठ दिवसांनी काका ताठ चालत आले.

"गादी बदललीत?"

"नाय गो, मीया चटयेर निजतंय. गादयेर आमचो मोती निजता."

"कुत्रा? मग?"

"आता तो सकाळी वाकडो चालता!"

एक एस.टी. ड्रायव्हर पोटावर झोपायचे. तसं झोपून कंबरेचा बाक वाढतो, म्हणून त्यांना सांगितलं, कुशीवर झोपा आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या. पंधरा दिवसांनी स्वारी खूश! पण मागून त्यांची बायको आली, मान धरून.

"तुम्हाला काय झालं?"

"घरात उशयो दोनच! एक हेंच्या डोक्याखाली, दुसरी हेंच्या गुडघ्यांत!"

सुलोचनाबाई मासळी विकतात. उठल्या उठल्या कंबरेतून वाकून बर्फाचा क्रेट उचलायच्या. त्यांना शिकवलं: सकाळी पाठ आखडलेली असते. आधी कुशीवर वळा, हातावर जोर देऊन बसा, चार पावलं चाला. वजन उचलताना गुडघे वाकवा, ओझं अंगाजवळ धरा.

रविवारी मी बाजारात गेले आणि वाकून बांगडे बघायला लागले. सुलोचनाबाईंसकट मासळीवाल्यांच्या अख्ख्या रांगेतून ओरडा!

"गो डॉक्टरणी, गुडघे वाकव गुडघे! तुजी कंबर मोडली तर आमका कोण बघतलो?"

आणि एकदा बाबीकाका आले, चोवीस वर्षांच्या निखिलला जवळजवळ ओढतच. त्यांची छोटी होडी आहे, बापलेक दोघंच मासेमारीला जातात.

"ह्येका सरळ करा! रोज पाटये काळोखात उठवलंय की कंबर दुखता म्हणता. होडीर जावक नको म्हणान सगळी नाटका!"

निखिल टेबलावर पालथा पडला. मी विचारलं, "उठल्यावर किती वेळ दुखतं?"

"तासभर तरी."

"आणि पडून राहिलास तर?"

"वाढता. जाळा ओढूक लागलंय की मोकळा होता."

मी कान टवकारले! आराम केला की वाढणारं आणि काम केलं की कमी होणारं दुखणं हा आळस नव्हे.

"काका, हा नाटक करत नाहीये. मणक्यात आतून सूज असावी, संधिवाताची. मालिश करून भागणार नाही. याच आठवड्यात कोल्हापूरला स्पेशालिस्टकडे न्या."

बाबीकाकांनी मान खाली घातली. लेकाच्या चपला उचलून टेबलाजवळ सरळ ठेवल्या.

रक्त तपासलं, एमआरआय झाला. शंका खरी निघाली. औषधं सुरू झाली, रोजचा व्यायाम सुरू झाला.

चार महिन्यांनी सकाळी क्लिनिक उघडायला गेले तर दारात बाबीकाका एकटेच उभे! कपडे ओले, थेट होडीवरून आलेले.

"काय झालं? निखिल बरा आहे ना?"

काकांचे डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू.

"डॉक्टर, आज होडीर जावक तेना माका उठवल्यान!"