येऊ की

शिमग्याला हे मुंबईहून गावी आले, तेव्हा त्यांनी सगळ्या भावकीला एकच प्रश्न विचारला. "पोलादपूरला च्याचं हाटेल टाकलं, तर याल ना?" जो तो म्हणाला, "येऊ की." आमच्या कुडपणहून उतरणाऱ्या जीपगाड्या जिथे थांबतात, तिथेच गाळा मिळत होता. गाडीतून उतरलेला प्रत्येक माणूस आपलाच, असा ह्यांचा हिशेब. तोंडावर नको म्हणणारं माणूस आमच्या वाडीत अजून जन्माला यायचं आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मीही मान डोलावली. हवं तेच ऐकू येत असलं की कोण शंका काढत बसतं?

मुंबईची नोकरी सोडून ह्यांनी हॉटेल टाकलं. नाही चाललं तर ते पुन्हा एकटे मुंबईला जाणार आणि मी गावी राहणार, हे ठरलेलं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आम्ही तशीच काढली होती. मला ते आता नको होतं.

पहिल्या दिवशी सगळी भावकी आली. ह्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. चुलत्याकडून चहाचे पैसे कसे घ्यायचे? पुढे हळूहळू माणसं येईनाशी झाली. जीप यायची, मंडळी उतरायची आणि पलीकडच्या टपरीवर जायची. हे दुधाचं पातेलं ढवळत राहायचे. मी मात्र मनातल्या मनात सगळ्या वाडीचा उद्धार करायचे.

एकदा माझ्या चुलतसासूबाई पदर पुढे ओढून रस्त्याच्या पलीकडून निघालेल्या दिसल्या. मी आडवी गेले. "काकी, आमचं काय चुकलं?"

"तुमचं कवा चुकलं गो? तो पैसं घेत नाय. रोज फुकटचा च्या प्यायला लाज वाटते. म्हनून तिकडनं जातो सगली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. हात धरून त्यांना आणलं, चहा समोर ठेवला. त्यांनी बटव्यातून दहाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. ह्यांनी सवयीने ते परत सरकवलं. काकी उठायला लागल्या.

"घ्या ते," मी ह्यांना म्हटलं. "इथं राहायचंय ना आपल्याला?"

ह्यांनी नाणं उचललं, पण त्यांना काकींकडे बघवेना. काकी पुन्हा बसल्या, बशीत चहा ओतून एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी हाय रे."

फुकटच्या चहाला त्यांनी कधी नावं ठेवली नव्हती. मला इतकं बरं वाटलं, की मी चमचाभर जास्तच साखर घातली.