पाठमोरी ओळख

भाचीनं साकोलीच्या झेरॉक्सच्या दुकानातून माझा बायोडाटा टाइप करून आणला, तेव्हा मला आधी रागच आला. अख्खी नोकरी अर्ध्या पानात मावली होती.

"बाकीचं कुठं गेलं?" मी विचारलं.

"मावशी, झालं तेवढंच. जन्म, शिक्षण, शाळा, निवृत्ती. अजून का लिहू?"

एका खासगी शाळेला सकाळचे काही तास लहान पोरांना मराठी शिकवायला बाई हवी होती. त्यांनी बायोडाटा मागितला, म्हणून हा उपद्व्याप. पैशाचा प्रश्न नव्हता, पेन्शन एकटीला पुरून उरते. पण नवरा गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. नोकरीत असताना बोलून बोलून घसा बसायचा, आता न बोलल्यानं बसतो. दूधवाल्याला अर्धा लिटर म्हणायचं तर आधी खाकरावं लागतं. मला पोरांमध्ये उभं राहून पुन्हा मोठ्यानं बाराखडी म्हणायची होती, एवढंच.

पानाच्या शेवटी एक जागा रिकामी होती. तुमचं काम जवळून पाहिलेल्या, नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींची नावं शाळेला हवी होती. भाची पेन घेऊन बसली आणि मी आठवायला लागले. पहिले मुख्याध्यापक गेले. केंद्रप्रमुखांच्या तेरवीला मी स्वतः जेवून आले होते. सरपंचही गेले. माझा एक जुना विद्यार्थी आता पोलीस पाटील आहे, त्याचं नाव घातलं. दुसरं काही सुचेना. आपलं काम पाहिलेली माणसं आपल्या आधी उठून जातात, हे निरोपाच्या भाषणात कुणी सांगत नाही.

"आन् त्या मॅडम? तुमच्या सोबतच्या?" भाची म्हणाली.

"तिचं नाव काढू नको."

पण नाव निघालं ते निघालंच. आमची शाळा जंगलाला लागून होती. शिक्षक दोन, चार वर्ग आणि खोली एक. खोलीच्या मधोमध दोन काळे फळे पाठीला पाठ लावून उभे असत. एका बाजूला ती पहिली-दुसरीला शिकवायची, दुसऱ्या बाजूला मी तिसरी-चौथीला. दोन्हीकडून एकदम आवाज चढला की पोरांना काही कळायचं नाही. म्हणून तिची पोरं लिहायला बसली की ती डस्टर फळ्यावर ठोकायची, ठक ठक. म्हणजे माझे गप्प झाले, आता तू बोल. मग मी पाढे म्हणवून घ्यायची. माझे लिहायला बसले की मी ठोकायची. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, आपोआप बसत गेलं.

दोघींची घरं लांबच्या गावी, म्हणून राहायलाही आम्ही एकाच भाड्याच्या खोलीत होतो. स्टोव्ह एक, आणि एकाच फळीवर तिचे देव आणि माझी बुद्धाची मूर्ती. मग भंडारा जिल्ह्याचे भंडारा आणि गोंदिया असे दोन जिल्हे झाले. कोणत्या जिल्ह्यात नोकरी करायची ते शिक्षकांनी लिहून द्या म्हणाले. मी भंडारा लिहिलं आणि तिनंही तेच लिहिलं असेल असं धरून चालले. तिनं गोंदिया लिहिलं होतं. मला ते कळलं केंद्रप्रमुखांकडून, तिच्या बदलीचा कागद आल्यावर. एका भांड्यातला भात खाणाऱ्या बाईनं मला एवढंही सांगू नये? ती गेली आणि चारही वर्ग माझ्या गळ्यात पडले. नवा शिक्षक येईपर्यंत मी फळ्याच्या या बाजूनं त्या बाजूला पळत होते. पुढं तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मी गेले नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

निवृत्तीनंतर ती सानगडीला मुलीजवळ राहायला आली, हे मला ठाऊक होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. बायोडाटा पिशवीत घातला आणि गेले एकदाची.

ती घरापुढच्या सपरीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. केस पार पांढरे झाले होते. "आली का?" म्हणाली, जणू मी नळावर जाऊन आले होते.

मी उभ्यानंच विचारलं, "काहून सांगतलं नाई मले?"

तिला कशाचं ते विचारावं लागलं नाही. "सांगतलं असतं तं तू जाऊ देलं असतं का? तू रडली असती, आन् मंग मी गेलीच नसती. तिकडं सासूनं अंथरूण धरलं होतं. मले जावाच लागत होतं."

राग गेला असं नाही, पण उभं राहायचं कारण उरलं नाही. मी बसले आणि पिशवीतून कागद काढला. "तुझं नाव घालू का याच्यात? शाळेतून तुले फोन येईल. बाई कशी शिकवते ते इचारतील."

तिनं कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "मी सांगू तं का सांगू? मी फळ्याच्या पल्याड होती. तुले शिकवताना मी कदी पाह्यलंच नाई. निसतं आयकलं."

सोबत काम केलेलं एकच माणूस उरलं होतं, आणि त्यानंही माझं काम पाहिलं नव्हतं.

मग तीच म्हणाली, "आन् हा कोनाचा आवाज घेऊन आली वो? तुझा तं असा नोता. घरी बोलत नाई का कोनाशी?"

"कोन हाय बोलायले?" एवढं म्हणाले आणि मला रडू फुटलं.

तिनं समजूत काढली नाही. सूप बाजूला सारलं, उठली, आणि माझ्याकडे पाठ करून दाराशी जाऊन बसली. "वाच तो कागद. आयकून सांगतो, तूच हायेस का नाई ते."

मी वाचायला घेतलं. नाव, जन्मगाव. दुसऱ्या ओळीलाच घसा अडकला आणि मी थांबले. खाकरले, पुन्हा प्रयत्न केला, आवाज फुटेना.

ती वळली नाही. हात वर करून तिनं दाराच्या फळीवर दोनदा ठोकलं, ठक ठक.

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, मोठ्यानं.