बिडीची राख आणि लाल तार

मुलांनो, थंडीत बॅटरी उतरून तुमची गाडी अडली, हे पत्रात वाचलं आणि मला बिडीचा वास आठवला. निजामाच्या राज्यातली गोष्ट. पौषातल्या गार सकाळी वडील आणि मी पाटोद्याहून कापसाच्या डिझेल ट्रकने औरंगाबादला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीची परीक्षा होती. ती हुकली तर माझी शाळा सुटणार होती. पण ट्रक सुरूच होईना. इंजिन तापवताना ड्रायव्हरसमोरच्या जाळीत बॅटरीवर एक तार लाल व्हायची, ती काळीच राहिली. "बॅटरी रोज कावून उतरती, कारणच समजंना," ड्रायव्हरमामा म्हणाले. वडील घड्याळ बघत येरझारा घालत होते. मला त्या जाळीवर राख दिसली. "मामा, बिडी कशावर पेटवता?" मामा ओशाळले. "काडी कावून जाळायची? बटन दाबलं की तार हायच की लाल!" "इंजिन बंद असतानाही?" "माल भरूस्तोवर धा-बारा होत्यात." "म्हणजे माझी शाळा तुम्ही बिडीत ओढलीत!" मला रडूच फुटलं. मामांनी हातातली बिडी फेकली, बाजारातून दोन बैलजोड्या आणल्या, रेडिएटरमध्ये उकळतं पाणी ओतलं आणि ट्रक उतारावर ओढायला लावला. तिसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडलं. "दाखीव तुजा कागद," मामा म्हणाले. वाचता येत नसूनही त्यांनी माझं प्रवेशपत्र दोन्ही हातांत धरून पाहिलं. "पोचिवतो, पोरी." वाटेत त्यांनी एकही बिडी ओढली नाही. परीक्षेला मी वेळेवर बसले. आता त्या प्रवेशपत्रावरची शाई फिकी झाली आहे. मामांच्या तेलकट अंगठ्याचा ठसा मात्र अजून काळाच आहे.