पाढे नकोत, बोल

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या सामानात पळायच्या बुटांचे दोन जोड होते. "दोन कशाला? पाय चार आहेत का?" आईनं मला स्वयंपाकघरात विचारलं, बाहेर वहिनीला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात.

वहिनी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. काच फ्रेमच्या मापात बसेपर्यंत चाकापुढे वाकून काम. घरी आली की भुवयांवर पांढरी पूड असायची. "दिवसभर मान खाली घालून बसते, म्हणून सकाळी वर करून पळते," एवढंच तिचं म्हणणं. उजाडलं की कालव्याच्या कडेनं पंपघरापर्यंत जायचं आणि परत यायचं. गल्लीनं तिचं नाव 'एक्स्प्रेस' ठेवलं होतं.

आई तेव्हा टपाल खात्यातून नुकतीच निवृत्त झाली होती. तीस वर्षं तिनं सायकलवरून पत्रं वाटली. दारोदारी ख्यालीखुशाली विचारणारी ही बाई घरात मात्र कामापुरतंच बोलायची, आणि सुनेशी त्याहून कमी. 'दूध आलंय.' 'गॅस बंद कर.' वर्षभर दोघींचं तारेच्या भाषेतच चाललं होतं.

मग वहिनीला दिवस गेले. त्याच संध्याकाळी आईनं बुटांचे दोन्ही जोड माळ्यावर टाकले. वहिनी भांडली नाही. स्टूल आणलं आणि त्यावर एक पाय ठेवला.

"चढू नकोस!" आई, दादा आणि मी एकदम ओरडलो.

"मग तुम्ही काढून द्या," वहिनी म्हणाली.

प्रकरण दवाखान्यात गेलं. डॉक्टरीणबाई नको म्हणतील या खात्रीनं आई मुद्दाम सोबत गेली. बाईंनी वहिनीला तपासलं, किती वर्षं पळतेस ते विचारलं आणि म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित आहे, अंगाला सवयही आहे. पळ. फक्त घड्याळ लावून पळायचं नाही. पळता पळता नीट बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करायचा, चालायचं. उन्हात नाही, खाचखळग्यांत नाही, पाणी जवळ हवं. आणि चक्कर आली, पोटात दुखलं, रक्त किंवा पाणी गेलं, तर तिथंच थांबायचं आणि इकडे यायचं."

"पण ही एकटीच पळते. बोलणार कुणाशी?" आईला वाटलं, आता पकडलं.

"तुम्ही जा की बरोबर."

दुसऱ्या दिवशी आईनं सायकल पुसून बाहेर काढली. टपालाच्या जुन्या थैलीत पाण्याची बाटली, टॉवेल आणि केळी. पुढे वहिनी, बाजूनं आई. दूधवाला हसला. "काय हो, एक्स्प्रेसची पॅसेंजर झाली वाटतं!"

"तुझं दूध तेवढं लोकलसारखं उशिरा आणू नकोस," आई म्हणाली.

आता बोलायचं तर काय बोलायचं? सासू-सुनेकडे विषयच नव्हता. तेव्हा वहिनीनं पाढे म्हणायला सुरुवात केली. बारापासून निघायची, पंपघरापाशी एकोणतिसावर पोचायची. आई समाधानानं मान डोलवायची. दोघींनाही ते सोयीचं होतं. बोलणंही होत होतं आणि बोलावंही लागत नव्हतं. तीन आठवडे असे गेले.

एके दिवशी आईला पाढ्यांचा कंटाळा आला. मध्येच तिनं विचारलं, "संध्याकाळी भाजी कुठली करायची गं?" वहिनी तोंड उघडून नुसती बघत राहिली. उत्तराला श्वासच नव्हता. पाढा ओठांना पाठ होता, तो अर्ध्या श्वासातही पुढे सरकत होता.

आईनं सायकल आडवी घातली. "तीन आठवडे फसवतेस मला?"

"तुम्हाला नाही आई. मीच फसले," वहिनी धापा टाकत म्हणाली. ती खरंच घाबरली होती.

"बस इथं. पाणी पी. आजपासून पाढे नकोत, बोल. मी विचारीन, तू सांगायचं."

"आणि मी विचारलं तर?"

"तर मी सांगीन. मला कुठे दम लागतोय?"

त्या दिवसापासून वेग निम्म्यावर आला आणि दोघी बोलायला लागल्या. वहिनीच्या दुकानातला चिडका मालक, दादाच्या लहानपणच्या खोड्या, माझं कुठल्या मुलाशी हसणं. घरी दोघींना माझं सगळं आधीच ठाऊक असायचं. फार राग यायचा तेव्हा. आज आई नाही आणि मला ते दिवस हवेहवेसे वाटतात.

सहाव्या महिन्यात वहिनीनं विचारलं, "आई, माझ्या पळण्याला तुम्ही एवढ्या का घाबरलात?" हे मला वहिनीनंच नंतर सांगितलं. आईनं सायकलचा वेग कमी केला. मग म्हणाली, "दादाच्या आधी माझ्या पोटात एक होतं. सहाव्याच महिन्यात गेलं. मी रोज पत्रं वाटत होते ना. सायकलनंच..."

आईचं बोलणं तुटलं. वहिनी थांबली. नियम म्हणजे नियम. दोघी सायकल ढकलत चालत परत आल्या.

पुढच्या तपासणीला वहिनीनं आईला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. "आधी यांचं ऐका." डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "का गेलं ते आज कुणीच सांगू शकणार नाही. पण सायकलमुळे गेलं असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही. हे तुम्ही तेव्हा का नाही विचारलंत?"

"विचारायचं कुणाला?" आई म्हणाली. घरी आल्यावर तिनं आधी तोंड धुतलं आणि मग कितीतरी वेळ सायकलची साखळी पुसत बसली.

आठव्या महिन्यात कालव्याच्या पुलाशी येऊन वहिनी आपणहून म्हणाली, "आई, आजपासून चालू या." आई लगेच सायकलवरून उतरली.

कळा सुरू झाल्या तेव्हा आई तिच्या उशाशी होती, मी दाराशी. "बोलत राहा गं," आई म्हणाली. वहिनीला शब्द सुचेनात. डोळे मिटून तिनं सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस..." आणि सातावर अडकली. तिनं घाबरून आईकडे पाहिलं.

"दोनशे तीन," आई तिचा हात धरून म्हणाली. "म्हण तू. आज पाढे चालतील."