ब्रुकाइटचा कण आणि आक्कांची काथवट

दिवेआगरच्या वाळूत सापडलेला ब्रुकाइटचा एकुलता एक कण मी लोहाराच्या भट्टीत घातला. चुकून पडला नाही, मी घातला. आणि भाता जोरात मारा म्हणून वर आग्रहही केला.

आता ब्रुकाइट म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय माझ्या पराक्रमाची उंची कळायची नाही. एकोणीसशे पन्नासच्या आसपासची गोष्ट. मी मुंबईच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे दगडांवरची धूळ पुसणारा पदवीधर. आमचे सर मूळचे दिवेआगरचे. सुट्टी लागली की मला बरोबर घेऊन गावी जायचे. तिथे त्यांची थोरली बहीण, आक्का, सुपारीची वाडी एकटीने सांभाळत होती. सरांची निवृत्ती जवळ आली होती. जगभरचे दगड शिकवण्यात जन्म गेला, पण ज्या किनाऱ्यावर आपण उघडे धावलो त्याच्याबद्दल आपल्या हातून एक तरी नवी ओळ लिहिली जावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

ती ओळ त्या कणात होती. तिळाहून लहान, चपटा, मधासारखा तपकिरी. टायटॅनियमचा एक भाग आणि ऑक्सिजनचे दोन. भिंतीच्या पांढऱ्याशुभ्र रंगात जी पूड घालतात, तिचंच हे रानातलं रूप. गंमत अशी, की याच मालमसाल्यातून निसर्ग तीन वेगळी खनिजं बनवतो. तांदळाच्या एकाच पिठाची भाकरी, घावन आणि मोदक व्हावेत, तसं. त्यातलं रुटाइल पुष्कळ ठिकाणी मिळतं, अ‍ॅनाटेज शोधलं तर मिळतं, आणि ब्रुकाइट नशिबात असेल तर. त्याचे देखणे स्फटिक दूरच्या पर्वतांच्या भेगांत, गारगोटीच्या शेजारी वाढतात. आमच्या काळ्या कातळाच्या किनाऱ्यावर त्याला कोण शोधणार?

सर शोधत होते. ओहोटीनंतर पुळणीवर काळ्या वाळूचे पट्टे उरतात. त्यात टायटॅनियम असतं, पण लोखंडाशी बांधलेलं. सरांचा तर्क असा, की युगानुयुगांच्या पाण्यापावसात त्यातलं लोखंड निघून जात असेल आणि मागे उरलेलं टायटॅनियम क्वचित कुठेतरी नव्याने रचलं जात असेल. म्हणून आम्ही आक्कांची भाकरीचं पीठ मळायची लाकडी काथवट पळवून समुद्रावर न्यायचो. तीत वाळू पाण्याबरोबर हलवली की हलकं ते वाहून जायचं, जड ते तळाशी राहायचं. मग चुंबक फिरवून लोखंडी कण काढायचे, आणि उरलेल्या चिमटीतला एकेक कण नारळाच्या झावळीच्या हिराच्या ओल्या टोकाने उचलून भिंगाखाली धरायचा. सर हे काम वाकून, तासन् तास, आनंदाने करत. मी पाठ धरून करत असे.

तो कण सापडला त्या सकाळी त्यांनी मला आपल्या जुन्या पितळी सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. त्यातल्या ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत गाळून घेतलेल्या, प्रकाशात इतर स्फटिक गोल फिरवले की ठरावीक जागी काळोखे होतात. हा होईना. निळसर झाला, पिवळट झाला, पण विझला नाही. सर म्हणाले, "बघ. याला काळोख मान्यच नाही." मी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. अजूनही डोळे मिटले की ते रंग दिसतात.

यातल्या एका मोठ्या जाणकारांना दिवाळीत बोलवायचं ठरलं. ते हो म्हणाले तरच ती ओळ छापून येणार. पत्र टाकायला आणि दोन कामं उरकायला सर श्रीवर्धनला गेले. जाताना म्हणाले, "कण सांभाळ. काही करू नकोस."

काही करू नकोस, हे वाक्य मला आयुष्यात कधीच झेपलेलं नाही. पुस्तकात लिहिलं होतं, हे खनिज आचेने वितळत नाही. मी म्हटलं, सर येईपर्यंत तेवढी परीक्षा उरकून ठेवू, खूश होतील. आक्कांच्या फुटक्या कपाच्या बुडात कण ठेवला आणि होड्यांचे खिळे घडवणाऱ्या लोहाराकडे गेलो.

तो कपात डोकावून म्हणाला, "मास्तर, येवढा तीळ भाजायला भाता मारायचा व्हय?"

"मार रे. हा वितळायचा नाही."

"आन वितळला म्हंजी?"

"तर मी भूगर्भशास्त्र सोडीन."

करवंटीचे कोळसे फुलले आणि कप लालभडक झाला. थंड झाल्यावर पाहतो तर कण जसाच्या तसा! कडा शाबूत, आकार तोच. लोहार म्हणाला, "मास्तर, तुमची नोकरी वाचली." मी शीळ घालत घरी आलो.

सर परतल्यावर पाय धुऊन आधी सूक्ष्मदर्शकाशी बसले. कण एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"तापवलास?"

"हो सर! वितळला नाही!" मी अभिमानाने सांगितलं.

"वितळत नाही. पण फार तापला की आतून रुटाइल होतो. चेहरा ब्रुकाइटचाच राहतो." ते बाजूला झाले. मी पाहिलं. तो मधाळ रंग गढूळ झाला होता, आत बारीक कणांचा गिचमिड गुंता. विझायला नकार देणारा कण मी विझवला होता.

सर रागावले नाहीत, हे फार वाईट झालं. नुसतं म्हणाले, "पण काय वस्तू आहे बघ! आत सगळं घर हलवलं, आणि बाहेरची एक वीट पडू दिली नाही." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा काथवट घेऊन पुळणीवर. दिवाळी तोंडावर आली तरी दुसरा कण मिळाला नाही. येऊ नका, म्हणून पत्र लिहायला सर बसणार, इतक्यात आक्कांनी जेवायला वाढलं.

भाकरी दाताखाली कचकचली. गेले कित्येक दिवस कचकचत होती आणि मी सभ्यपणे गिळत होतो.

सर म्हणाले, "आक्का, खर लागते गं."

"लागणारच. माझी काथवट तुम्ही समुद्रावर फिरवता. कितीही धुतली तरी भेगांतली रेती निघते कुठे?"

सरांचा घास थांबला. ते माझ्याकडे पाहायला लागले, मी त्यांच्याकडे. जड कण खाली बसतात. आणि काथवटीत सगळ्यात खाली काय, तर तिच्या भेगा. दोघेही खरकट्या हातांनी उठलो. हिराच्या टोकाने एकेक भेग कोरली, निघालं ते धुतलं, चुंबक फिरवला, उरलेलं भिंगाखाली धरलं. त्या काळपट चिमटीत एक मधाळ ठिपका होता. फिरवला. निळसर झाला, पिवळट झाला. विझला नाही.

सर हसत म्हणाले, "एखाददुसरा तू भाकरीबरोबर खाल्लाही असशील."

"पचला असेल सर."

"छे! ब्रुकाइट आम्लातही विरघळत नाही."

या खेपेला कण सांभाळायला मला दिला नाही. आक्कांच्या पानाच्या डब्यात, लवंगांच्या कप्प्यात ठेवला, आणि डबा आक्कांच्या कमरेशी. ठरल्या दिवशी पाहुणे आले, सूक्ष्मदर्शकाशी बसले, कितीदा तरी कण फिरवला आणि शेवटी उठून त्यांनी सरांचा हात हातात घेतला. सर चष्मा पुसत ओटीवरून समुद्राकडे बघत राहिले.

मला भरून आलं. चहाचं बघावं म्हणून मी आत वळलो, तशी आक्कांनी कण परत ठेवलेला पानाचा डबा पदराआड घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारातच मला अडवलं.

"तिथंच थांब. चहा मी आणून देते. तू विस्तवापाशी यायचं नाहीस."