पंचेचाळीसचा क्रँक

आजोबांची जुनी मोटारसायकल फार थरथरायची, म्हणून मी तिचं इंजिन उघडलं आणि त्यातला क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा, तोल साधून घ्यायला पिशवीत घालून तुर्भ्याच्या एका शेडमध्ये नेला. तिथल्या लेथवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. करावे गावचा, एवढंच कळलं.

त्याने आधी पंखा बंद केला. वाऱ्यानेही क्रँक हलतो म्हणे! दोन पोलादी पात्यांवर ठेवून तो त्याने बोटाने फिरवला आणि पुन्हा हात लावायचा मोह नको म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. जी बाजू खाली येऊन थांबली, ती जड.

"सिंगल सिलिंडर हाय. थरथर पुरी जानार नाय. कंच्या स्पीडला कमी पायजे ते सांगा. किती वर चालवता?"

"ऐंशी," मी ऐटीत म्हणालो.

त्याने माझ्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. "खरं सांगा. भोक मारलं का परत भरता येत नाय."

"पंचेचाळीस."

"आता कसं!" तो एकदम खुलला. पिस्टनऐवजी त्या हिशोबाचं वजन क्रँकच्या रॉडला टांगून त्याने जड बाजूवर ड्रिल सुरू केलं. थोडं कोरायचं, फिरवायचं, हात मागे. शेवटी क्रँक सोडू तिथे थांबायला लागला, तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो.

इंजिन जोडून मी ठाणे-बेलापूर रोडला निघालो. चाळीसला आरशात नुसता थरथराट होता. काटा पंचेचाळीसवर आला आणि आरसा स्थिर! मागचा ट्रक त्यात लख्ख दिसला. हॉर्नवर हॉर्न मारत, हात बाहेर काढून ड्रायव्हर मला काय म्हणतोय, तेही दिसलं.

मी काटा हलू दिला नाही.